ठराव क्रमांक चार

गुट्टे सर आमच्याकडं चहा घेत नाहीत.
पाणीबी नाही. ॲसिडिटी आहे म्हणतात.
मोटारसायकल चालूच ठेवून
रजिस्टर पुढं करतात, बोट ठेवतात,
इथं, ताई.
आणि मी लिहिते इथं:
पंचशीला वाव्हळे.

तीन वर्षं झाली, मी समितीवर आहे.
शाळा व्यवस्थापन समिती. महिला पालक सदस्य.
बैठक कुठं होते ते अजून पाहिलं नाही,
पण वहीत मी दर महिन्याला हजर असते.
मागच्या उन्हाळ्यात तर सूचक होते,
काय सुचवलं होतं कोण जाणे.

परवा हात हळदीनं भरलेले.
मालकाच्या शेडमागं कढई उपसायलो होतो आम्ही चौघीजणी,
वाफ डोळ्यांत.
म्हटलं, सर, वही राहू द्या,
उद्या पोरीच्या हातानं पाठवते शाळेत.
सरांनी घड्याळ पाहिलं,
जिंतूरची वाट पाहिली,
मग दिली.

रात्री श्रावस्तीनं वाचलं. चौथीत आहे.
"पटसंख्या तेरा असल्याने सदर शाळा
समूह शाळेत समायोजित करण्यास
समितीची हरकत नाही.
सर्वानुमते मंजूर."
समायोजितला अडखळली, दोनदा.
म्हणजे काय गं?
म्हणाली, लहान भांडं मोठ्या भांड्यात ठेवतो ना आपण,
तसं.

सर्वानुमते.
म्हणजे माझं मत आधीच जाऊन बसलं होतं तिथं,
मला न सांगता,
पायात चप्पलसुद्धा न घालता.

सहावीनंतर शाळा साडेपाच किलोमीटर होती.
मधे ओढा.
माझ्या बापानं, चुलत्यानं आणि आणखी दोघांनी
पारावर बसून तंबाखू मळता मळता
मला समायोजित केलं.
फक्त वही आणली नव्हती कुणी.

मी फोन लावला चाकणला.
हे म्हणाले, सरांशी वाकडं घेऊ नको.
म्हणाले, नाहीतर इंग्रजीला टाकू तिला,
पिवळी गाडी येते ना फाट्यावर,
पैशाचं मी बघतो.
मागं कंपनीचा भोंगा झाला,
तेवढ्यात दीर बोलले फोनवर,
पोरीच्या जातीला कशाला लांब.
सासूबाई बाजेवरून म्हणाल्या, मला काय कळतंय,
आणि मग अर्धा तास बोलल्या.

मी ठरवलं होतं.
नाही करायची सही.
तेरा तर तेरा,
तेरा लेकरांना सावली पुरते एका लिंबाची.
पंचायत समितीच्या पायरीवर बसायची वेळ आली
तर बसायचं.
डोक्यात भाषण चालू झालं होतं माझ्या.

तेवढ्यात वही मिटत श्रावस्ती म्हणाली,
मला जायचंय तिथं.

कुठं?

मोठ्या शाळेत.
तिथल्या संडासाला आतून कडी आहे.
इथं मेघना जाते तेव्हा मी दार धरते,
मी जाते तेव्हा मेघना.
मेघना नाही आली
की मी पाणीच पीत नाही दिवसभर.

चुलीत राख झाली होती.
मी उगीच फुंकत बसले.
तीन वर्षं सह्या केल्या मी,
आणि पोर माझी
तहान धरून बसायची त्याच शाळेत.

ओढा तर अजूनही तिथंच आहे.
गाडी येईल म्हणतात. येईलही.
मला माहीत नाही बरोबर काय.
तिलाही पूर्ण माहीत नसणार,
नऊ वर्षांची आहे.
पण एवढ्या माणसांत
जिला तिथं जाऊन बसायचंय
ती एकटीच बोलली होती न विचारता.

सकाळी सहीच्या जागी मी लिहिलं,
हळद अजून नखात:
बैठक कधी आहे. मी येणार. पोरीलाबी आणणार.
कडीच बोलायचय.

श्रावस्तीनं वाचलं.
म्हणाली, दोन अनुस्वार राहिले, आई.
म्हटलं, राहू दे, सरांना कळतं.
ती वही धरून उभीच राहिली दारात.

मग दिले दोन्ही.